शून्य वर्ष
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही दोघी सख्ख्या जावा. या वस्तीच्या सुना. आमच्यातली थोरली १९९६ साली इथे आली, धाकटी २००१ साली. दोघींची लग्ने याच विहारात लागली, तेव्हा वर टिनाचे छत होते आणि पाऊस आला की मंगलपरिणयाच्या गाथाही ऐकू येत नसत. आज स्लॅब पडला आहे, ग्रंथालयाची खोली झाली आहे, हे पाहून फार बरे वाटले. आमचे दोघींचे यजमान नर्सिंग शिकलेले. थोरले २००३ साली इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात लागले, चार वर्षांनी धाकटे गेले. त्यांच्यामागे आम्ही गेलो. मिडलँड्स भागातल्या एका शहरात चार गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. दोघी वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याची नोकरी करत होतो. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी एकाच दिवशी काळा झगा घालून समाजशास्त्र आणि गुन्हेशास्त्र या विषयांची पदवी घेतली. थोरलीचे वय तेव्हा पन्नास होते.

अध्यक्षसाहेब म्हणाले, तुम्ही परदेशात शिकलात, त्याबद्दल दोन शब्द बोला. आम्ही भाषण करणाऱ्या नाही. पण गेल्या आठ दिवसांत वस्तीत जो भेटला त्याने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "एवढ्या वयात कशाला?" आणि दुसरा, "गुन्हेशास्त्र म्हणजे पोलिसात जाणार का?" तेव्हा म्हटले, एकदाच माईकवरून सांगून टाकू.

आमच्यातली थोरली बारावी नापास. इंग्रजीत गेली, दोनदा गेली, मग लग्न झाले. धाकटी बी. ए. च्या पहिल्या वर्षातून उठली. दोघींच्या मनात ते कुठेतरी सलत होतेच. मुले मोठी झाली, शाळेतून येऊन आम्हाला न समजणाऱ्या गोष्टी बोलू लागली. तिथल्या विद्यापीठात पदवीला सरळ प्रवेश हवा असेल तर तिथली बारावीच्या तोडीची परीक्षा लागते. ती आमच्याकडे कुठली? पण तिकडे बऱ्याच विद्यापीठांत एक दार असते. तीन वर्षांच्या पदवीच्या आधी एक जादा वर्ष. त्याला फाउंडेशन इयर म्हणतात, म्हणजे पायाभूत वर्ष. आपण बोलताना पायाचे वर्ष म्हणू. तिथली पोरे त्याला 'इयर झिरो' म्हणतात. शून्य वर्ष! हे नाव ऐकून थोरलीला राग आला होता. म्हणाली, आधीच नापास, त्यात आणि शून्य.

या वर्गाला मोठ्या वयाच्या माणसांचे कागद जरा वेगळ्या नजरेने पाहतात. किती वर्षे काम केले, कशाचे काम केले, का शिकायचे आहे, हे विचारतात. आम्हाला आधी इंग्रजीची एक परीक्षा द्यायला लावली. ती प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन दिली. मग अर्जासोबत स्वतःविषयी लिहायचे. चार हजार अक्षरांत, म्हणजे शब्द नव्हे, अक्षरे, मोजून. आपण आयुष्यभर दुसऱ्यांचेच अर्ज भरलेले. सासूबाईंचे रेशनकार्ड, पोरांचे जातीचे दाखले. स्वतःबद्दल लिहायला बसलो तर तीन रात्री कागद कोरा. शेवटी धाकटीने थोरलीबद्दल लिहिले आणि थोरलीने धाकटीबद्दल, मग अदलाबदल करून 'ती' चे 'मी' केले. हे विद्यापीठाला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

पैशाचे आधी सांगतो, कारण इथे बरेच आईबाप बसले आहेत आणि त्यांना तेच ऐकायचे आहे. आम्ही तिथल्या कायमच्या रहिवासी. म्हणून आम्हाला तिथल्या सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळाले. फी थेट विद्यापीठाला जाते, हातात पैसा येत नाही; घरखर्चासाठी वेगळे कर्ज मिळते. परतफेड कमाईवर असते. ठराविक रेषेच्या वर जेवढे कमवाल तेवढ्यावर नऊ टक्के. आमच्या तुकडीसाठी २०२५-२६ साली ती रेषा वर्षाला २८,४७० पौंडांची होती. तीस वर्षांनी उरलेले माफ. थोरली तोपर्यंत ऐंशीच्या घरात असेल, तेव्हा सरकारने तिच्याकडून फार आशा ठेवू नये. आम्ही २०२१ साली प्रवेश घेतला तेव्हा शून्य वर्षालाही पूर्ण पदवीच्या वर्षाइतकीच फी होती, ९,२५० पौंड. आमचे झाले आणि २०२५ पासून आमच्यासारख्या वर्गात बसून शिकायच्या विषयांना त्या वर्षाची कमाल फी ५,७६० पौंड केली. आमचे नशीब! आणि त्याच गावात कॉलेजात 'ॲक्सेस' नावाचा एक वर्षाचा दुसरा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी घेतलेले कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफ होते. तो रस्ता आम्हाला कोणी सांगितलाच नाही. अर्थात त्यात घरखर्चाचे कर्ज नाही, म्हणून कदाचित आम्हाला झेपलाही नसता. पण सांगायला तर हवे होते.

आता हे झाले तिथे राहणाऱ्यांचे. इथून पोरगा-पोरगी पाठवायचा विचार करणाऱ्यांनी नीट ऐका. मंगळवारी एक भाऊ आमच्याकडे रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. एजंटने सांगितले, फाउंडेशनला घाला, पुढे सगळे आपोआप होते. त्यांच्या मुलीला बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत! तिकडची अनेक विद्यापीठे आपल्या बोर्डाची चांगल्या गुणांची बारावी थेट पहिल्या वर्षाला धरतात. मग जादा वर्षाची फी, जादा वर्षाचे राहणे-खाणे कशासाठी? इथून जाणाऱ्याला ती ५,७६० ची मर्यादा लागू नाही. विद्यापीठ आपला आकडा लावते, आणि तो सर्वसाधारणपणे दुपटीहून अधिक असतो. तिकडे काम करून फी फेडू म्हणाल, तर तेही नाही. फाउंडेशन वेगळा अभ्यासक्रम म्हणून केला तर तो पदवीच्या खालचा धरतात, आणि अशा विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला दहाच तास काम करता येते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत, शून्य वर्षासाठी नाहीत. पोरीला इथेच चांगली पदवी करू द्या आणि मग शिष्यवृत्तीवर पाठवा. त्या भावांनी प्लॉटचा सौदा थांबवला आहे असे काल कळले. आमचे इथे येणे तेवढ्यावरच वसूल झाले.

असो. वर्गाकडे वळू.

२०२१ चा सप्टेंबर. करोना पुरता गेला नव्हता, निम्म्यांच्या तोंडावर मास्क. वर्गात अठरा वर्षांची पोरे, एक टॅक्सी चालवणारे गृहस्थ, तीन मुलांची सोमाली आई, आणि मागच्या बाकावर आम्ही दोघी, डब्यात पोळी-भाजी. शून्य वर्षात विषय थोडे आणि सवयी जास्त शिकवतात. पुस्तक कसे वाचायचे, टिपण कसे काढायचे, आकड्यांचा तक्ता कसा पाहायचा, कोणाचे म्हणणे घेतले तर त्याचे नाव कसे द्यायचे.

पहिला निबंध दीड हजार शब्दांचा. विषय होता, माणसे गुन्हा का करतात? थोरलीने एका रात्रीत मनापासून लिहिला. हाती आला तेव्हा त्यावर ३८ गुण. तिथे ४० ला पास. आणि पहिल्याच ओळीत, जिथे तिने लिहिले होते की "सर्वांना माहीत आहे की वाईट संगतीने मुले बिघडतात," तिथे समासात बाईंनी पेन्सिलीने लिहिले होते: "कोणाला माहीत आहे?" बस, एवढेच. थोरली घरी येऊन रडली. धाकटी म्हणाली, ताई, खरंच गं, कोणाला माहीत आहे? दोघी भांडलो. पण पुढच्या चार वर्षांत त्या बाईंचा तो समासातला प्रश्न आम्हाला भाजी निवडतानासुद्धा ऐकू यायचा.

धाकटीची गंमत वेगळी. तिने आपल्या पद्धतीने पुस्तकातली दोन पाने पाठ केली आणि निबंधात उतरवली. आपल्याकडे गाईडमधले जसेच्या तसे उतरवले तर शाबासकी मिळते. तिथे संगणक ते पकडतो. तिला बोलावून घेतले, चोरी केली म्हणून. गुन्हेशास्त्राच्या वर्गात पहिली आरोपी आमच्याच घरातली! बोलावणाऱ्या सरांचा सूर तिला फार लागला, कारण ती कोणाचे काही लपवत नव्हती, तिला पाठ करणे म्हणजेच शिकणे असे शिकवले गेले होते. तिची बाजू कोणी धड ऐकून घेतली नाही. ताकीद देऊन सोडले. ही ताकीद पुढे आम्हाला उपयोगी पडली, ते मागाहून सांगतो.

गुणांचेही सांगायला हवे. तिथे ७० म्हणजे प्रथम वर्ग, सोने. धाकटीला एका पेपरात ६२ मिळाले, आम्ही केक आणला. फोनवर सासरे म्हणाले, "फक्त बासष्ट? एवढ्या लांब जाऊन?" आता काय बोलणार.

गुन्हेशास्त्र म्हणजे चोर कसा पकडायचा हे नव्हे. ते पोलिसांचे काम. गुन्हेशास्त्र विचारते की एखाद्या कृत्याला गुन्हा कोण ठरवतो, कोणाला पकडतात, कोणाला सोडतात, आणि सुटून आलेल्याचे पुढे काय होते. समाजशास्त्राशिवाय यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर निघत नाही, म्हणून हे दोन विषय जोडून शिकवतात.

या शास्त्राची सुरुवात मात्र फार वाईट झालेली आहे. इटलीत लोंब्रोसो नावाचे एक डॉक्टर होते. १८७६ साली त्यांनी पुस्तक लिहिले की गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो आणि त्याची कवटी, जबडा, कान पाहून तो ओळखता येतो. वर्गातली पोरे हसली. आम्ही हसलो नाही. कारण त्याच्या पाचच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमाती कायदा केला होता. कवटी मोजायची गरजच नाही, जमातीत जन्मला की नोंद. पुढे तो कायदा आपल्याकडेही लागू झाला आणि पारधी, कैकाडी असे किती समाज त्याच्या यादीत गेले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे पाहण्याची नजर रद्द झाली का, ते आपल्या चौकात उभे राहून बघा. आम्ही वर्गात हे उभे राहून सांगितले. प्राध्यापकांना कायद्याचे नाव माहीत होते, पण पोरांना नव्हते. त्यांच्याच सरकारने केलेला कायदा!

आणि आता एक गोष्ट, जी सांगताना आजही अंगावर काटा येतो. लोंब्रोसोला विरोध करणाऱ्यांमध्ये एक फ्रेंच न्यायाधीश होते, गाब्रिएल तार्द. त्यांनी म्हटले की गुन्हा रक्तातून येत नाही, माणसे एकमेकांचे पाहून शिकतात, आणि अनुकरण बहुधा वरच्याचे खालचा करतो. वाचनाच्या यादीत हे नाव आले आणि धाकटी थांबली. हे नाव कुठेतरी पाहिलेले आहे. रात्री अकरा वाजता तिने थोरलीला फोन केला, ताई, बाबासाहेबांचा जातींवरचा तो निबंध काढ. थोरलीने कपाटातून खंड काढला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध, भारतातील जातींची घडण कशी झाली त्यावरचा. त्यात तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतलेला आहे. वरच्यांनी दार बंद केले, ते पाहून खालच्यांनी आपापली दारे लावून घेतली, हे समजावताना. वय वर्षे पंचवीस. जे पुस्तक आम्ही पन्नाशीच्या तोंडावर शब्दकोश घेऊन वाचत होतो, ते बाबासाहेब तेव्हा वाचून त्याचा वापर करून मोकळे झाले होते. त्या रात्री आम्ही दोघी फोनवर बराच वेळ काही बोललोच नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला न्यायालयात बसायला पाठवले. तिकडच्या खालच्या न्यायालयात कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. बहुतेक वेळा न्याय देणारे तीन जण असतात आणि ते वकील नसतात, पगारही घेत नाहीत, गावातलीच शिकवलेली साधी माणसे. त्या दिवशी एका बाईचे प्रकरण होते. दुकानातून बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे उचलले होते, याआधीही उचलले होते. दहा-बारा मिनिटांत निकाल झाला. दंड. ज्या बाईकडे दुधाला पैसे नाहीत तिला दंड! धाकटी परतताना बसमध्ये म्हणाली, कूटदंत सुत्तात भन्तेजींनी सांगितले होते ते हेच. राज्यात चोऱ्या होतात म्हणून राजाला फाशी आणि तुरुंग वाढवावासा वाटेल, पण पुरोहित सांगतो की त्याने चोऱ्या संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या. आम्ही हे तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधात लिहिले, रीतसर नाव-गाव देऊन. त्या वेळी ती चोरीची ताकीद कामी आली, एकही उतारा नावाशिवाय गेला नाही.

तिकडे सगळे छान आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा बसथांब्यावर खून झाला. पोलिसांनी तपासात घातलेला घोळ तपासायला नेमलेल्या मॅकफर्सन चौकशीने १९९९ साली लिहिले की पोलिस खात्यातच वर्णभेद मुरलेला आहे. २०१७ साली डेव्हिड लॅमी या खासदारांचा अहवाल आला. गोरे नसलेले लोक लोकसंख्येत १४ टक्के आणि तुरुंगात २५ टक्के. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा आमच्या मनात आपल्याकडचे तुरुंग होते. आपल्या सरकारच्याच २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशभरातल्या दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवर ठरलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. एका पत्रकार बाईंनी ती लढाई लढली. तोपर्यंत स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाली होती.

आता जे सांगायचे आहे ते जरा जड आहे. आम्ही दोघींनी यासाठी विमानातच ठरवले होते की सांगायचे.

हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचे १९६३ चे एक पुस्तक आम्हाला होते. त्यांचे म्हणणे सोपे आहे. एखाद्याच्या कपाळावर समाज एकदा शिक्का मारतो, मग तो माणूस काय करतो यापेक्षा शिक्का काय म्हणतो हेच लोक पाहतात. काम मिळत नाही, घर मिळत नाही, सोबत मिळत नाही, आणि कधीकधी तो माणूस शेवटी शिक्क्यासारखाच होतो. प्राध्यापक म्हणाले, तुमच्या ओळखीचे एक उदाहरण लिहा. थोरली वहीवर पेन ठेवून बसली आणि तिने काही लिहिले नाही. घरी येताना धाकटीने विचारले, काय झालं ताई? थोरली म्हणाली, तुला आठवतं, तू लग्न होऊन आलीस, पहिल्याच आठवड्यात तुला सांगितलं होतं की पाण्याला जाताना त्या कोपऱ्यातल्या घराकडे थांबायचं नाही, त्यांचा पोरगा तुरुंगात होता?

आपल्याच वस्तीतले घर. १९९९ साली दुकानफोडीच्या आरोपात तो पोरगा पकडला गेला. वय एकोणीस. जामिनाला माणूस मिळाला नाही. चौदा महिने आत राहिला. मग खटला चालला आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. हे सगळे थोरलीला माहीत होते. निकाल लागला त्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन आपल्या दाराशी आली होती. थोरलीने पेढा घेतला, आणि वर्षभराने नव्या जावेला सांगितले, तिकडे थांबू नकोस. धाकटीने मान डोलावली आणि पुढची सहा वर्षे थांबली नाही. तो मुलगा भीमजयंतीच्या समितीत नाव द्यायला आला तेव्हा वर्गणीच्या पेटीची जबाबदारी नको, असे म्हणून त्याला परत पाठवले. त्या बैठकीला आमचे यजमानही होते. दोन-तीन वर्षांनी तो वस्ती सोडून गेला.

त्या वेळी कोणी आम्हाला विचारले असते तर आम्ही म्हटले असते, सर्वांना माहीत आहे तो कसा आहे. कोणाला माहीत होते? कोणालाच नाही. निकालाचा कागद वस्तीत एकानेही वाचलेला नव्हता. ज्या जातीला जन्मावरून शिक्का मारला त्या जातीच्या आम्ही बायका, आणि शिक्का मारायला आम्हाला एक पेढा खायचा वेळही लागला नाही. आम्ही प्रबंध लिहिला तो यावर. नाव, गाव, वर्षे बदलून. थोरलीच्या प्रबंधाला ५७ मिळाले, धाकटीच्या ६६.

प्रबंध लिहून झाला म्हणजे काम झाले असे नाही. परवा संध्याकाळी आम्ही त्या मावशींच्या घरी गेलो. चोवीस-पंचवीस वर्षांनी तो उंबरा ओलांडला. मावशींनी ओळखले. चहा केला. आम्ही म्हटले, मावशी, चुकलो. त्या काही बोलल्या नाहीत, बराच वेळ पदराने कप पुसत राहिल्या. मग आम्ही विचारले की वर्धापनदिनाला हे सांगितले तर चालेल का. तुमची परवानगी नसेल तर नाही सांगणार.

मावशी म्हणाल्या, "सांगा. त्याचं नाव नका घेऊ. अन् तो सुटला, एवढंच नका म्हणू. निर्दोष सुटला म्हणा. नुसतं सुटला म्हटलं की लोक समजतात शिक्षा भोगून सुटला."

चार वर्षांत कुठल्या प्राध्यापकाने आम्हाला शब्दांमधला इतका बारीक फरक शिकवला नाही. म्हणून इथे, या माईकवरून, विहाराच्या साक्षीने सांगतो. तो निर्दोष सुटला होता.

धाकटी आता तिकडे तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या बायकांना घर शोधून देणाऱ्या एका संस्थेत काम करते. थोरली अजून वृद्धाश्रमातच आहे, कारण तिथे पगार ठरलेला आहे आणि गुडघ्यांना नवी नोकरी नको आहे. शनिवारी ती त्या संस्थेत पत्रे लिहून देते. एवढ्या वयात कशाला, याचे उत्तर आम्हाला अजून नीट देता येत नाही.

वस्तीतल्या ज्या मुलामुलींना हे विषय शिकायचे असतील त्यांच्यासाठी एक सांगतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाचे जुने काम आहे. तिथूनच १९९० साली 'प्रयास' हा प्रकल्प सुरू झाला, जो कच्च्या कैद्यांना वकील आणि आधार मिळवून देतो. परदेशाआधी तिकडे पाहा. कोणाला अर्ज, शिष्यवृत्ती, एजंटची कागदपत्रे दाखवायची असतील तर उद्या दुपारी दोन वाजता आम्ही ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहोत. गुणपत्रिका घेऊन या. नापासाचीही चालेल.

मावशी आज आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. भोजनदान झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्यासाठी डबा घेऊन जाणार आहोत. आणखी कोणाला यायचे असेल तर पाच वाजता विहाराच्या फाटकाशी भेटा.

जयभीम.